तारका की एम

पुण्यातल्या पेठेत गणपतीच्या देखाव्याचं खातं ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला दहा दिवस झोप मिळत नाही आणि बोलणी वर्षभर पुरतात. सुमेधच्या गळ्यात ते पडलं तोवर मंडळाचे हलते पुतळे माळ्यावर गेले होते. त्यांच्या जागी मंडळाच्या मालकीचा एक दणकट प्रोजेक्टर, ताणलेलं पांढरं कापड, रेकॉर्ड केलेलं निवेदन आणि एक असेंबल केलेला कॉम्प्युटर आला होता. कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स, कारण ते फुकट. खजिनदारकाकांना लिनक्सबद्दल तेवढंच ठाऊक होतं आणि तेवढ्यावर ते खूश होते.

अडचण विजेची होती. रात्री आठच्या सुमाराला, नेमकी गर्दी दाटली की लाइट जायचे. जनरेटर सुरू व्हायचा, पण मधल्या काही सेकंदांत कॉम्प्युटर बंद पडलेला असायचा. यूपीएस नव्हता का, असं कुणीही विचारेल. होता. त्यावर मूर्तीपुढचे दिवे आणि माइक होते, आणि खजिनदारकाकांच्या मते तेवढं पुष्कळ होतं.

मग कॉम्प्युटर पुन्हा उठायचा. आधी मदरबोर्डच्या फर्मवेअरने लावून दिलेला साधा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. प्रोजेक्टर ते चित्र पकडतो न पकडतो तोच ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर जागा व्हायचा आणि पडद्याचा मोड बदलायचा. क्षणभर सिग्नल तुटला की प्रोजेक्टरची शोधाशोध नव्याने सुरू: निळा पडदा, कोपऱ्यात ‘नो सिग्नल’. अफझलखान शामियान्यापर्यंत आलाय आणि पडदा निळा, असं झालं की पेठेतला प्रेक्षक भांडत बसत नाही. पुढचं मंडळ पन्नास पावलांवर असतं, तो तिकडे जातो.

हा उशीर मुळातूनच काढायचा, असं सुमेधने ठरवलं. त्यासाठी तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः बांधायला बसला.

लिनक्सचा कर्नल बांधायला घेतला की तो हजारो प्रश्न विचारतो. मेन्यूकॉन्फिग म्हणून एक जुनाट दिसणारी यादी उघडते, प्रत्येक ओळीपुढे एक कंस असतो. कंसात तारका टाकली की तो ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य फायलीतच जातो, म्हणजे बिल्ट-इन होतो. एम टाकला की त्याची वेगळी फाइल तयार होते, ती डिस्कवर मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये राहते आणि गरज पडली की मेमरीत चढते. कंस रिकामा ठेवला तर तो ड्रायव्हर तुमच्यापुरता अस्तित्वातच नाही. डेबियन, फेडोरा, उबंटू ही सगळी मंडळी ग्राफिक्सपुढे एम टाकतात. त्यांचा कर्नल कुणाच्या मशिनवर जाऊन पडणार हे त्यांना माहीत नसतं. इंटेलच्या चिपला आय९१५ लागेल, एएमडीच्या कार्डाला एएमडीजीपीयू, एनव्हिडियाच्या कार्डाला नूव्हो. सगळंच आत भरलं तर फाइल उगाच फुगणार. एकट्या एएमडीजीपीयूचा सोर्स लाखो ओळींचा आहे, त्यातही निम्म्याहून जास्त जागा रजिस्टरांच्या यंत्राने काढलेल्या यादीने खाल्लेली.

सुमेधला मात्र आपलं मशिन माहीत होतं. एकच कॉम्प्युटर, प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, आणि कार्ड रेडिऑन आरएक्स ५६०, पोलॅरिस जातीचं. त्याने एएमडीजीपीयूपुढे तारका टाकली. आय९१५ आणि नूव्होचे कंस रिकामे केले. फर्मवेअरचा साधा पडदा वापरणारे किरकोळ ड्रायव्हरही काढले, कारण प्रोजेक्टरला गोंधळात पाडणारे तेच. बूट होताना मेमरीत उलगडते ती छोटी फाइलसिस्टिम, इनिट्रॅमएफएस, तिलाही रजा दिली. ‘‘बिल्ट-इन म्हणजे फास्ट,’’ हे तो कार्यकर्त्यांना ऐकवत होता, आणि कार्यकर्ते माना डोलावत होते.

हा समज फार लोकांचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मॉड्यूल एकदा मेमरीत चढलं की ते कर्नलचाच भाग होऊन, त्याच अधिकारांनी चालतं. व्हिडिओ चालण्याच्या वेगात फरक शोधूनही सापडणार नाही. आणि मॉड्यूलमधली चूक आख्खी सिस्टिम पाडू शकते; वेगळ्या फायलीत राहिल्याने ते सोवळ्यात जात नाही. १९९२ च्या जानेवारीत अँड्र्यू टॅननबाउम या प्राध्यापकांनी लिनक्सला कालबाह्य ठरवलं, ते याच मुद्द्यावर: ड्रायव्हरसकट सगळा कारभार एकाच गठ्ठ्यात का? लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत विद्यार्थी होता आणि त्याने तावातावाने उत्तर दिलं. पुढे त्याच दशकात लिनक्समध्ये मॉड्यूलं आली आणि गठ्ठा सुटा करता येऊ लागला, पण आतल्या भिंती काही उभ्या राहिल्या नाहीत. म्हणजे तारका आणि एम यांत खरा फरक उरतो तो दोन गोष्टींचा: ड्रायव्हर जागा कधी होतो आणि तो येतो कुठून. सुमेधला ‘कधी’ची गरज होती. त्याचा निर्णय बरोबर होता, फक्त त्याने दिलेलं कारण चुकीचं होतं, आणि ‘कुठून’चा विचार त्याने केलाच नव्हता.

तो लगेच करावा लागला. नवा कर्नल चालू केला तर पडदा काळाठिक्कर. कॉम्प्युटर उठलाय हे कळत होतं, पंखा फिरत होता, नेटवर्कवर हजर होता. सुमेधने लॅपटॉपवरून आत शिरून कर्नलचे निरोप वाचले. पोलॅरिसची फर्मवेअर फाइल चढवता आली नाही, एरर वजा दोन. वजा दोन म्हणजे ‘अशी फाइल नाही’. त्याने मृणालताईला फोन लावला. ताई त्याची मावसबहीण, हिंजवडीत गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचं काम करते.

‘‘ताई, फाइल आहे गं. लिब-फर्मवेअरमध्ये डोळ्यांनी बघतोय.’’

‘‘तू आत्ता बघतोयस, सुम्या. ड्रायव्हरने मागितली तेव्हा डिस्क माउंट झाली होती का?’’

नव्हती. हल्लीचं ग्राफिक्स कार्ड नुसत्या ड्रायव्हरवर चालत नाही. त्याच्या आतल्या बारीक प्रोसेसरांना कंपनीने दिलेलं फर्मवेअर भरवावं लागतं. पोलॅरिससाठी अशा डझनावर फायली असतात. मॉड्यूल असतं तर ते डिस्क उघडल्यानंतर चढलं असतं, फायली शेजारीच असत्या. बिल्ट-इन ड्रायव्हर डिस्क उघडायच्या आधीच जागा झाला, त्याने फाइल मागितली, नाही म्हटल्यावर हात वर केले. इनिट्रॅमएफएस ठेवली असती तर त्यात फायली घालून भागलं असतं. ती सुमेधने काढली होती. उरला एकच मार्ग: फर्मवेअरच्या सगळ्या फायलींची नावं कॉन्फिगमध्ये लिहून त्याही कर्नलच्या पोटात घालायच्या. रात्री दोनपर्यंत त्याने ते केलं. एक नाव चुकलं की पुन्हा वजा दोन, पुन्हा बांधणी.

‘‘तुम्ही गाडीत काय करता?’’ त्याने विचारलं.

‘‘तारका. अमेरिकेत मे २०१८ पासूनच्या नव्या गाड्यांना रिव्हर्स टाकल्यावर २ सेकंदांत मागचं चित्र दाखवावंच लागतं, कायदा आहे. मॉड्यूल शोधत कोण बसणार? पण आमच्या गाडीतली चिप गाडी भंगारात जाईपर्यंत तीच असते. तुझ्या कार्डाचं तसं आहे का?’’

‘‘आहे की. कोण बदलणार?’’

‘‘बरं. निदान डेबियनचा कर्नल ग्रबमध्ये राहू दे. पुसू नकोस.’’

सुमेध हो म्हणाला. पण सुरू होताना कर्नल निवडायला देणारी ग्रबची यादी उगाच पाच सेकंद थांबते म्हणून त्याने थांबण्याचा वेळ शून्य केला, आणि मग जी यादी कुणाला दिसणारच नाही तिच्यात जुना कर्नल कशाला, म्हणून तोही पुसला.

त्या वर्षी सुमेधचं सोनं झालं. लाइट जायचे, जनरेटर लागायचा आणि लोक कापडाकडे बघत असतानाच चित्र परत यायचं. निळा पडदा नाही, काही नाही. देखाव्याला पेठेतलं बक्षीस मिळालं, फ्लेक्सवर सुमेधचा फोटो लागला. खजिनदारकाकांनी त्याला स्वतःच्या पैशाने मस्तानी पाजली, हे पेठेत अजून सांगितलं जातं.

दुसऱ्या वर्षी सातव्या दिवशी संध्याकाळी पाऊस असा कोसळला की रस्त्याची ओढ्यासारखी गत झाली. ताडपत्रीत पाणी साचलं, पोटासारखं लोंबलं आणि एका कडेने भसकन कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर उतरलं. बाकी सगळं वाचलं, ग्राफिक्स कार्ड गेलं. पेठेतली पोरं हुशार; अर्ध्या तासात एकाने घरच्या मशिनमधलं एनव्हिडियाचं जीटी ७१० उपसून आणलं. सुमेधने ते बसवलं, केबल लावली, बटण दाबलं.

पडद्यावर काही नाही. आणि थोड्याच वेळात, ठरल्या वेळी, ठरल्या आवाजात निवेदन सुरू झालं. साउंडचा ड्रायव्हर मदरबोर्डचा होता, तोही सुमेधने तारका टाकून आत घातलेला. त्याला कार्ड बदलल्याचं सोयरसुतक नव्हतं. काळ्या कापडासमोर छत्र्या घेऊन उभे असलेले लोक ‘‘पाहा, पाहा तो प्रतापगड!’’ ऐकत होते.

‘‘कुठाय रे प्रतापगड?’’ मागून कुणीतरी विचारलं.

प्रत्येक पीसीआय कार्ड आपल्या अंगावर दोन आकडे वागवतं, बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा. एएमडीच्या रेडिऑनवर १००२, इंटेलवर ८०८६, एनव्हिडियावर १०डीई. डेबियनसारख्या कर्नलला नवं कार्ड दिसलं की तो हे आकडे पुकारतो, यूडेव्ह नावाचा कारभारी मॉड्यूलांच्या यादीत ते शोधतो आणि जुळणारं मॉड्यूल चढवतो. कुणाला काही सांगावं लागत नाही. जीटी ७१० ने आपले आकडे त्या संध्याकाळीही दाखवले होते. पण सुमेधच्या कर्नलमध्ये नूव्होचा कंस रिकामा होता, साध्या पडद्याचा ड्रायव्हरही काढलेला, आणि निवडायला जुना कर्नल नव्हता. मशिन ठणठणीत चालू होतं. त्याला ते कार्ड ओळखू येत नव्हतं एवढंच.

सुमेध लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. कर्नल पुन्हा बांधायला किती वेळ लागेल याचा हिशेब करायची त्याची हिंमत होईना. वर मांडववाले बापूकाका शिडीवर उभे राहून ताडपत्रीचे काथ्याचे बंध सोडत होते, उतार बदलून पुन्हा आवळत होते. खाली उतरल्यावर ते म्हणाले, ‘‘दोरीनं बांधलाय म्हणून सुटला बघ. खिळे मारले असते तर आज फाडावाच लागला असता.’’

‘‘काका, मांडवाचं वेगळं असतं,’’ सुमेध वैतागून म्हणाला.

‘‘असंल बाबा. मूर्तीचा चौथरा मात्र मी नटबोल्टनंच आवळतो. तिथं दोरी नाय चालत.’’ आणि ते शिडी उचलून दुसऱ्या कोपऱ्याकडे गेले.

आरतीला आलेल्या मृणालताईच्या पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह असतो, त्यात लाइव्ह डेबियन. तिने तो लावला. आतला कर्नल तोच सर्वसाधारण, सगळे ग्राफिक्स ड्रायव्हर एम असलेला. त्याने १०डीई वाचलं, नूव्हो चढवलं. नूव्हो हा एनव्हिडियाच्या मदतीशिवाय, कार्डाची वागणूक पाहून पाहून लिहिला गेलेला ड्रायव्हर, २०१० पासून कर्नलबरोबर येतो. या जुन्या कार्डाच्या चित्रासाठी त्याला बाहेरचं फर्मवेअरही लागत नाही. प्रोजेक्टरने आधी निळा पडदा दाखवला. मग मोड बदलला, मग पुन्हा निळा. ज्या निळ्या पडद्याचा सुमेधने वर्षभर दुस्वास केला तो दिसल्यावर कार्यकर्त्यांनी ‘मोरया’ केलं. उरलेले दिवस देखावा पेन ड्राइव्हवर चालला, आणि लाइट गेले की लोक पुढच्या मंडळाकडे गेले.

पोळलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तसा सुमेध गेला. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यातच त्याने कर्नल बांधायला घेतला आणि दिसेल त्या कंसात एम टाकत सुटला. ग्राफिक्स एम, साउंड एम, डिस्कचा एएचसीआय एम, तिच्यावरच्या फाइलसिस्टिमचा ईएक्सटी४ एम. आता कुठलंही कार्ड येऊ दे, कुठलीही डिस्क येऊ दे. शहाणपण म्हणून एक तारका टाकली ती सिंपलडीआरएमपुढे: फर्मवेअरने लावलेल्या पडद्यावरच चित्र काढत राहणारा हा छोटा ड्रायव्हर २०२१ च्या ५.१४ कर्नलपासून आहे, आणि खरा ड्रायव्हर येईपर्यंत निदान अक्षरं तरी दाखवतो. त्याच्याच कृपेने सुमेधला पुढचं वाचता आलं: कर्नल पॅनिक, रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन-ब्लॉक, कंसात शून्य स्वल्पविराम शून्य.

या वेळी त्याने ताईला फोन केला नाही. तो त्या ओळीकडे बघत बसला आणि त्याचं त्यालाच उमगलं. डिस्क उघडणारं मॉड्यूल डिस्कवरच होतं. इनिट्रॅमएफएस असती तर तिच्यातून ते मिळालं असतं. ती तर जुन्या सवयीने अजून वगळलेलीच होती.

पहिल्या वर्षी त्याने अडचण पाहून तारका टाकली होती. तिसऱ्या वर्षी त्याने नुसती भीती पाहून एम टाकले, आणि माझ्या मते ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. पहिलीत निदान मशिनचा विचार तरी होता.

रविवारी मृणालताई आली तेव्हा यादी दोघांनी मिळून लावली. डिस्क आणि ईएक्सटी४ पुढे तारका, कारण त्यांच्यावाचून दारच उघडत नाही आणि मंडळाची डिस्क मंडळाचीच आहे. सिंपलडीआरएमची तारका तशीच. तिन्ही ग्राफिक्स ड्रायव्हर एम, पण इनिट्रॅमएफएसमध्ये आपापल्या फर्मवेअरसकट भरलेले, म्हणजे कार्ड कुठलंही असो, ड्रायव्हर डिस्कची वाट न बघता सुरुवातीलाच जागा होतो आणि प्रोजेक्टर एकदाच निळा होतो. पहिल्या वर्षीच्या कर्नलइतकं ते चपळ नव्हतं. थोडा उशीर लागत होता आणि सुमेधला तो टोचत होता. डेबियनचा कर्नल यादीत परत आला, ग्रब पुन्हा थांबू लागला, पाच नाही, दोन सेकंद.

‘‘नूव्हो तरी तारका करू का? जीटी ७१० आता मंडळाकडेच आहे,’’ सुमेध म्हणाला.

‘‘आणि उद्या कुणी एनव्हिडियाचाच ड्रायव्हर हवा म्हणालं तर? तो कर्नलच्या सोर्समध्येच नाही, त्याला तारका टाकायची सोयच नाही. तो बाहेरून मॉड्यूल म्हणून येतो आणि कर्नल बदलला की पुन्हा बांधावा लागतो. तो यायचा तर नूव्होने बाजूला व्हायला पाहिजे. नूव्हो मॉड्यूल असेल तर ब्लॅकलिस्टमध्ये एक ओळ लिहून भागतं. बिल्ट-इन असेल तर ती ओळ वाचणारं कुणी नसतं; तो कधीच कार्डावर जाऊन बसलेला असतो.’’

या बाहेरच्या ड्रायव्हरपायी लिनक्सवाल्यांनी एनव्हिडियाचा फार राग केला. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्तो विद्यापीठात खुद्द टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, पण तो ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. पेठेतल्या जीटी ७१० ला त्याचा उपयोग नाही.

त्या वर्षी लाइट एकदाही गेले नाहीत. खजिनदारकाका म्हणाले, एवढा खटाटोप केलास कशाला?

परवा मंडळाची बैठक झाली. या वर्षी प्रोजेक्टर नको, एलईडी वॉल हवी, असं ठरलं. वॉल चालवणारं मशिन मंडळाचंच राहील, पण कार्ड वॉलवाल्याच्या सोयीचं लागेल. सुमेधने तिथेच लॅपटॉप उघडला आणि मेन्यूकॉन्फिगमध्ये ग्राफिक्सच्या ओळीवर येऊन थांबला.

‘‘काका, कार्ड आपण विकत घेणार की वॉलवाला आणणार?’’

‘‘विकत कशाला? वॉलवाला भाड्यात देतोय.’’

‘‘कुठलं?’’

‘‘ते तो आदल्या दिवशी सांगेल.’’

‘‘आणि डिस्क?’’

‘‘डिस्क आपलीच, तिचं बिल आहे माझ्याकडे,’’ खजिनदारकाका म्हणाले. सुमेधने ग्राफिक्सच्या तिन्ही ओळींपुढे एम दाबला, डिस्कची तारका तपासली, आणि दुसऱ्या यूपीएसचा विषय काढला. तो पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.